कमी बोलणारे गृहस्थ

कामठी
ता. ६ जानेवारी १९७४

चि. पमीस,
सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की डोळे मिटायचे. आज रविवार, माग बंद, म्हणून लिहिते.

बातमी अशी की शेठनं पावरलूमचा कारखाना विकला. घेणारा इथं लाकडाची वखार टाकणार आहे. आवारातल्या आमच्या खोल्या एकतीस मार्चपर्यंत रिकाम्या करायच्या आहेत. एकवीस वर्षं या खोलीत गेली. सामान बांधायला एक दिवस पुरेल, पण ते घेऊन जायचं कुठं ते ठरत नाही.

तुझ्या भाऊजींना दुसऱ्या कारखान्यात मुकादमी मिळणार नाही. त्याचं कारण तुला कधी स्पष्ट लिहिलं नव्हतं, ते आज लिहिते. त्यांना ऐकू येत नाही. थोडं कमी येतं असं मी सगळ्यांना सांगत आले, पण खरं म्हणजे शेजारी बसून ओरडले तरच त्यांना समजतं. एका पत्र्याखाली चाळीस माग चालतात, जुन्या माणसांचे सगळ्यांचेच कान गेलेत. म्हणून इथं ते कुणाला जाणवत नाही. इथं सगळेच ओरडतात. नवा माणूस आला की त्याला वाटतं भांडण पेटलं, आणि आम्ही आपले आज भाजी काय केली ते विचारत असतो. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून कानाचं यंत्र आणलं होतं. त्यात शिट्टी वाजते म्हणून ते त्यांनी डब्यात घालून ठेवलं. संध्याकाळपर्यंत माझा घसा पार बसतो. दुखत नाही, पण कंटाळा येतो.

नागपुरात बर्डीच्या जवळपास दोन खोल्या बघ. तुझ्याकडं पायी येता आलं पाहिजे. तू एकटी आहेस आणि मीही आता अर्धी एकटीच आहे. दुसरं म्हणजे रस्त्यावर ट्रक नकोत. मागून भोंगा वाजला तरी हे वळून बघत नाहीत. पोळ्याच्या दिवशी एका अनोळखी बाईनं दंड धरून ओढलं, म्हणून वाचले.

टेलिफोनच्या बोर्डावर बसून साऱ्या मुंबई-कलकत्त्याला जोडून देतेस, बहिणीला एक घर जोडून दे.

तब्येत सांभाळ. जेवण टाळू नकोस, म्हणजे माझी निम्मी काळजी मिटेल.
तुझी ताई,
कौसल्या


धंतोली, नागपूर
ता. १७ जानेवारी १९७४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. भाऊजी मोठ्यानं बोलतात म्हणून मी मनातल्या मनात कितीदा चिडले होते, ते आता तुला सांगत नाही.

सुटीच्या दिवशी तीन वस्त्या पाहून आले. गणेशपेठेत दोन चांगल्या खोल्या आहेत, शेजारीपाजारी सगळे आपलेच. तिथं तू दिवसभर ओरडलीस तरी कुणाला ऐकू जाणार नाही, एवढा गोंगाट. पण दारासमोरच ट्रक उभे राहतात, म्हणून ते राहिलं. मग आमच्या एक्स्चेंजमधल्या देवकीनं प्रतापनगर सुचवलं. नवं लेआऊट आहे. घरांपेक्षा प्लॉटच्या हद्दीचे दगडच जास्त. बस तासाला एक. मला कधी सकाळची ड्यूटी, कधी रात्रीची, त्यामुळं मला काही धंतोली सोडता येत नाही. तू प्रतापनगरला राहिलीस काय आणि कामठीला राहिलीस काय, माझ्यासाठी सारखंच.

तिसरी जागा मात्र माझ्या खोलीपासून चौथ्या घरात आहे. मालक नानाजी, रिटायर झालेले ओव्हरसिअर. तळमजल्यावर दोन खोल्या, घरात नळ, आणि गल्लीत दूधवाल्याच्या सायकलीखेरीज वाहन येत नाही. माझा जीव या घरावर जडला आहे.

एकच अडचण आहे. इथं सगळे हळू बोलतात. मी अकरा वर्षांपूर्वी आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी पोस्टमनला नेहमीसारखा जयभीम घातला. घरमालकीण शोभाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मला काही नाही हो त्याचं, पण गल्लीत उगाच कशाला. तेव्हापासून त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मीही नाही. रात्रपाळीहून येते तेव्हा चपला हातात घेऊन जिना चढते. सवय होते.

भाऊजी कमी बोलणारे गृहस्थ आहेत, असं मी नानाजींना सांगितलं आहे. त्यांना फार आवडलं. आधीचा भाडेकरू तबला शिकवायचा म्हणे. रविवारी, २७ तारखेला चार वाजता घर बघायला या. माझी दुपारची ड्यूटी आहे, मी नसेन. भाऊजींनी फक्त हात जोडायचे आणि मान हलवायची. बोलायचं ते तू, आणि हळू. बोर्डावर नव्या मुली येतात त्यांना मी हेच शिकवते, की आवाज चढवला म्हणून समोरच्याला जास्त ऐकू येत नाही.

चौथ्या घरात तुम्ही याल, या विचारानं परवा एकटीच हसले. आशीर्वाद असू दे.
तुझी,
प्रमोदिनी


कामठी
ता. २९ जानेवारी १९७४

चि. पमीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

घर पाहिलं. इसार दिला. तू सांगितलंस तसंच सगळं झालं, बहुतेक.

नानाजींच्या मंडळी मीराबाई मला आत स्वयंपाकघर दाखवायला घेऊन गेल्या. नळ, ओटा, मागं उजेडाची खिडकी. मी इतकं हळू बोलत होते की माझं मलाच कळत नव्हतं काय बोलले. बाहेर ओसरीवर हे आणि नानाजी बसले होते. स्वयंपाकघराच्या दारातून मी बघत होते. नानाजी बोलत होते, हे हसत होते, मान डोलवत होते, मधूनच हो हो म्हणत होते. तेसुद्धा बऱ्यापैकी हळू. माझ्या जिवात जीव आला.

निघताना नानाजींनी यांच्या पाठीवर थाप मारली आणि मृगाची संत्री आली की आम्हाला विसरू नका म्हणाले. मला वाटलं, सगळ्यांनाच म्हणत असतील. नागपूरचा माणूस संत्र्याखेरीज दुसरं काय बोलणार? बर्डीच्या स्टॉपवर आलो तसं यांनी विचारलं, काय म्हणत होता वं तो म्हातारा? आख्खी रांग वळून बघायला लागली. म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

घर चांगलं आहे, पमी. पण परतताना बसमध्ये एकच विचार करत होते, की जेवायला वाढलं हे मी त्यांना सांगणार कसं? मागावर ते हातवारे करतात. तळहात आडवा म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे धागा तुटला. ते मलाही येतात. पण त्यासाठी त्यांनी माझ्याकडं बघायला तर हवं. मनगटाला दोरी बांधून दुसरं टोक चुलीपाशी ठेवावं, असं हसण्यावारी बोलले तर म्हणाले, बांध.

जमेल. बाईमाणसाला काय जमत नाही. तुला रोज डोळ्यांनी बघेन, तेच पुष्कळ.
तुझी ताई,
कौसल्या


धंतोली, नागपूर
ता. ५ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल नानाजींनी मला रस्त्यात थांबवलं आणि भाऊजींचं इतकं कौतुक केलं की मी घाबरलेच. म्हणाले, एवढी कमी बोलणारी आणि एवढी नम्र माणसं आता राहिली नाहीत. मग ओसरीवर काय काय झालं ते त्यांनीच सांगितलं. त्यांनी विचारलं, गावी शेती असेल? भाऊजी म्हणाले, हो. काटोलकडं का? हो. मग संत्र्याचा बगीचा असणार? हो हो. घरात मटण-मासे शिजत नाहीत ना? त्यालाही हो.

तेव्हा तुम्ही आता काटोलचे बागायतदार आहात आणि मटणाला शिवत नाही. मी खोलीवर येऊन तोंडात पदर कोंबून हसले, खाली शोभाताईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

हसून झाल्यावर विचार केला. हे असंच राहू दे, ताई. मार्चमध्ये कॉटन मार्केटमधून एक टोपली संत्री नेऊन द्यायची. मटण खायचं तर गणेशपेठेत देवकीकडं जाता येईल, ती कधीची बोलावते आहे. बाकी ते काही विचारणार नाहीत. न विचारण्यातच या गल्लीचं मोठेपण आहे. कुणाचं काय बिघडलं? त्यांना हवा तसा भाडेकरू मिळाला, तुला घर मिळालं आणि मला तू मिळालीस. अकरा वर्षं मी असंच निभावलं आहे. आधी जड जातं, मग काही वाटेनासं होतं.

भाऊजींना हे सांगू नकोस. उगाच मनाला लावून घेतील.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
प्रमोदिनी


कामठी
ता. १४ फेब्रुवारी १९७४

चि. पमीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालीस सांगू नकोस, पण पोस्टमननं तुझं पत्र त्यांच्याच हातात दिलं. कान गेले तरी वाचायला येतं ना त्यांना. दोनदा वाचलं आणि खूप हसले. माग चालू असतानाच कारखान्यात जाऊन हातवाऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं, मी काटोलचा बागायतदार. माणसं हवेत संत्री तोडून एकमेकांकडं फेकायला लागली.

संध्याकाळी जेवले नाहीत. मी खुणेनं विचारलं काय झालं, तर तोंड फिरवून बसले.

रविवारी सकाळी उठले तर अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तयार. मला वाटलं विहारात निघाले. दुपार झाली तरी पत्ता नाही. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. येणारा प्रत्येक ट्रक नीट पुढं जाईपर्यंत बघत होते. पाच वाजता बसमधून उतरले, इसाराचे पैसे माझ्यापुढं ठेवले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. चार दिवस झाले, तिथं काय झालं ते सांगत नाहीत. मी ओरडून विचारते, तर ऐकू येत नाही म्हणतात. पहिल्यांदाच त्याचा फायदा घेताहेत.

तुला काही कळलं असेल तर लिही. तुला काही सोसावं लागलं का? मला तीच धास्ती आहे.
तुझी ताई,
कौसल्या


धंतोली, नागपूर
ता. १९ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस,
जयभीम.

काय झालं ते लिहिते. मी रात्रपाळी करून झोपले होते. नऊच्या सुमारास भाऊजींच्या आवाजानं जाग आली. नानाजींच्या फाटकाशी उभे होते. हात जोडलेले, आणि आवाज कारखान्यातला. म्हणत होते, नानाजी, मले ऐकू येत नाही. तुम्ही काय पुसलं ते मले समजलंच नाही, मी आपला हो म्हणत गेलो. माह्याकडं शेती नाही, संत्र्याचं झाड नाही. मी मागावरचा माणूस आहो. घरी मटण शिजते. आमी बुद्धाचे आहो, छप्पन सालीच दीक्षा घेतली. हे सारं पाहून घर द्याचं तर द्या. नानाजी हातानं, हळू, हळू असं करत होते. भाऊजींना वाटलं असेल, पुढं बोला म्हणताहेत. तर पुढं म्हणाले, खोटं वाटत असन तर माह्या साळीले पुसा, ते याच गल्लीत राहते, तेही आमचीच आहे.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती.

नानाजींनी आतून पैसे आणून दिले. अमरावतीचा पुतण्या राहायला येतो आहे म्हणाले. मला नंतर म्हणाले, बाकी काही नाही हो, आम्हाला आवाज सोसत नाही. पुतण्या आवाजासाठी येणार आहे की दीक्षेसाठी, ते मला विचारावंसं वाटलं नाही. शोभाताई एवढंच म्हणाल्या की तुमचे पाहुणे फार मोठ्यानं बोलतात. त्यानंतर मी जिना उतरताना त्यांचं दार लागतं.

ज्यासाठी अकरा वर्षं चपला हातात घेऊन चढले, ते त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. ते खोटं बोलले नाहीत हे मला समजतं. तरी राग येतो. फार थकले आहे. काही दिवस मला पत्र लिहू नका.

प्रमोदिनी


प्रतापनगर, नागपूर
ता. २६ मार्च १९७४

चि. पमीस,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

लिहू नका म्हणालीस म्हणून पाच आठवडे गप्प राहिले. पण पत्ता बदलला आणि तो तुला कळायला हवा.

रविवारी इथं राहायला आलो. देवकीनं सांगितलेलं तेच लेआऊट. मालकीण रुखमाबाई, विधवा, दोन म्हशी. गेल्या गेल्या यांनी फाटकातूनच सगळं ओरडून सांगितलं, कान, माग, दीक्षा, मटण. म्हातारी म्हणाली, एवढं काहून सांगून राहिला गा, फाटक लावत जाजो म्हंजे झालं, म्हस बाहेर जाते. दोन्ही बाजूंचे प्लॉट रिकामे. मी इथून हाक मारते आणि ती थेट पलीकडच्या कडुनिंबापर्यंत जाते. यांना पलीकडच्या बांधकामावर दिवसाची राखण मिळाली. बहिरा चौकीदार म्हणून लोक हसतात, पण डोळे शाबूत आहेत.

सगळंच गोड आहे असं नाही. विहिरीचं पाणी रुखमाबाई स्वतः काढून देते. म्हातारीला त्रास नको म्हणून मी पुढं झाले, तर म्हणाली, राहू दे वं, दोर कच्चा आहे. असेलही कच्चा. या वयात मी दोर तपासत बसणार नाही. नळ येणार आहे म्हणतात.

तू मात्र लांब गेलीस. कामठीहून निघाले ती तुझ्या जवळ यायला, आणि तुझ्या गल्लीवरून पुढं निघून शहराच्या दुसऱ्या टोकाला आले. बर्डीहून बस तासाला एक आहे, हे तूच लिहिलं होतंस.

खाली हे चार ओळी लिहिताहेत. वाच. न वाचता फाडलंस तरी मी रागावणार नाही.
तुझी ताई,
कौसल्या

चि. पमीले बळीरामचा जयभीम. पत्रात मले सारं ऐकू येते, म्हणून लिवतो. तुह्या गल्लीत तमाशा कराले आलो नव्हतो. तुले एक गोष्ट ठाऊक नाही, तुह्या ताईलेही नाही. मागच्या दिवाळीत शेठ माह्याजवळ आला, माग चालू होते, काहीतरी पुसलं. मी नेहमीसारखा हो म्हणालो. मग साऱ्यांनी सांगितलं का शेठ म्हणते, कारखाना विकाले मुकादमाची हरकत नाही. तो तसाही विकणारच होता. पण चाळीस मागांवरच्या माणसांनी माह्याकडं पाह्यलं, ते मले दिसलं. तुह्यं पत्र वाचलं आणि वाटलं, आता या म्हाताऱ्याच्या दारात रोज हो म्हणत मराचं काय. म्हणून गेलो.

तुह्यं नाव घेतलं ते चुकलं. ते घ्याचं नव्हतं. मले वाटलं ते मी हळूच बोललो.
बळीराम


धंतोली, नागपूर
ता. २३ एप्रिल १९७४

ती. भाऊजींस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र ताईला नाही, तुम्हाला आहे. परवा रविवारी तुमच्याकडं दिवसभर होते, पण जे बोलायचं ते ओरडून बोलता येण्यासारखं नव्हतं.

तुमच्या चार ओळी तीन आठवडे माझ्या पर्समध्ये होत्या. कमी बोलणारे गृहस्थ, हे शब्द माझे होते. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी तुम्हाला मुकंही करायला निघाले होते, आणि ते तुमच्या सोयीसाठी आहे असं स्वतःला सांगत होते. खरं तर ते माझ्या खोलीसाठी होतं. तुम्ही माझं नाव घेतलंत याचा राग गेला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. कमी झाला आहे.

इथं अजून कुणी मला जा म्हणालेलं नाही. मागच्या आठवड्यात शोभाताईंनी पुण्याला मुलाशी बोलायचं म्हणून ट्रंक कॉल लावला. योगायोगानं बोर्डावर मीच होते. त्यांनी आवाज ओळखला, मीही ओळखला. मी लाइन जोडून दिली. नोकरी आहे तोवर मी इथंच आहे, पण पुढचं सांगता येत नाही.

आता रविवारचं सांगते. तुम्ही दाराकडं पाठ करून जेवत होतात. ताईनं तुमच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तुम्ही वळून विचारलंत, कधी आली वं? मी आत्ताच म्हणाले. त्याआधीचं तुम्हाला माहीत नाही.

बसमधून उतरले तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन इतकं की डोळे उघडवेनात. सगळे प्लॉट सारखे, दगडांवरचे नंबर पुसलेले, विचारायला चिटपाखरू नाही. मी दोन रस्ते चुकीचे चालले. तेवढ्यात लांबून ताईचा आवाज आला, अहो, भात निवून राहिला. मला एवढंच करायचं होतं की आवाजाच्या दिशेनं चालत जायचं. पण मी तिथंच उभी राहिले आणि ताई म्हणून हाक मारली. ती बोर्डावरच्या आवाजात निघाली, समोरच्या दगडापर्यंतही पोचली नाही. पुन्हा मारली. तीही तशीच. तिसऱ्यांदा मारली तेव्हा रुखमाबाईची म्हैस उठून उभी राहिली, आणि ताई हातात पळी घेऊन अनवाणी रस्त्यावर आली.

घसा अजून बसलेला आहे. आज ड्यूटीवर सुपरवायझरबाईंनी विचारलं, आवाजाला काय झालं. बहिणीकडं गेले होते, एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी येते. ताईला वाचून दाखवलंत तरी चालेल, तुम्ही वाचाल तेव्हा सगळं लेआऊट ऐकेल, त्यालाही माझी ना नाही. धाकटीवरचा जीव आहे तसाच असू द्यावा.

तुमची,
प्रमोदिनी